आधी धडा करा, मग तोला

आदरणीय ताई,
मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात हार्डवेअरचं दुकान चालवतो. वय ३६. दोन वर्षांपूर्वी व्यापारी संघाचा सचिव झालो. संघाला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून दिवाळी पाडव्याला गावातल्या एका सचोटीच्या व्यापाऱ्याला पुरस्कार द्यायचा ठराव झाला. कल्पना माझीच, आणि आता तीच अंगाशी आलीय. आमच्या माजी अध्यक्षांना मी लहानपणापासून काका म्हणतो. वडील गेल्यावर दुकान उभं करायला त्यांनीच हात दिला. हॉल, सन्मानचिन्हं, जेवण हा सगळा खर्च ते करतायत. पहिला पुरस्कार त्यांनाच द्यावा असं चार जण उघड बोलतात आणि काका गप्प राहतात. काही जण म्हणतात, सभासदांचं मतदान घ्या. माझ्या मनात पेठेतल्या गिरणीवाल्या मावशी आहेत, पण त्या संघाच्या सभासदच नाहीत. शिवाय ज्याला देऊ तो उद्या भेसळीत सापडला तर? पुरस्कार रद्दच करावा का? आणि काकांना काय सांगू?
– एक सचिव

भाऊ,

पुरस्कार रद्द करू नका. गावात कुणी मापात मारलं तर आठ दिवस चर्चा चालते, आणि जो पस्तीस वर्षं पुरतं माप घालतोय त्याचं नाव कुणी काढत नाही. ते नाव चारचौघांत घ्यावं असं तुम्हाला वाटलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण पाडव्याची तारीख सोडा, आणि काकांना यंदा पुरस्कार देऊ नका. ते सचोटीचे नाहीत असं मी म्हणत नाही. पण जेवण घालणाऱ्यालाच मान मिळाला, तर त्यांनी आयुष्यभर राखलेली सचोटीसुद्धा त्या पंक्तीत विकत घेतल्यासारखी दिसेल. ते नुकसान काकांचंच आहे.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. तेव्हा गोडंतेल सुटं मिळायचं, गिऱ्हाईक घरून किटली नाहीतर बरणी घेऊन यायचं. वडील आधी रिकामी किटली एका पारड्यात ठेवायचे, दुसऱ्यात बारकी वजनं टाकायचे, तीही पुरली नाहीत तर खड्याच्या मिठाचे चार दाणे टाकून काटा बरोबर मधोमध आणायचे. असं रिकाम्या भांड्याचं वजन आधीच वजा करणं म्हणजे धडा करणं. धडा झाला की विचारायचे, "बघा, बरोबर आहे ना?" गिऱ्हाइकाने मान हलवल्याशिवाय तेलाचं माप उचलायचे नाहीत. शाळकरी पोर आलं तरी त्यालाही विचारायचे. मी त्यांचा डबा घेऊन ताटकळत उभी असायचे आणि मला त्या विचारण्याचा राग यायचा. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक बटण दाबलं की धडा होतो, पण ते बटण दाबायचं पुष्कळ ठिकाणी राहून जातं.

तुमच्या पुरस्कारातही धडा करायचा राहिलाय. काकांचे उपकार, त्यांचं वय, हॉलचं भाडं, चार जणांचा आग्रह, हे सगळं किटलीचं वजन. ते आधी उतरवा, मग तोलायला घ्या.

हे उतरवलं नाही तर काय होतं ते मोठमोठ्यांच्या बाबतीत झालेलं आहे. २००८ च्या सप्टेंबरात हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सला उत्तम कंपनी कारभारासाठी गोल्डन पीकॉक जागतिक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकेतल्या रकमेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पुरस्कार परत घेतला गेला. कागद चोख होते, हिशेब तपासनीसांची सही होती. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. बेटर बिझनेस ब्युरो ही तिकडची शंभर वर्षांहून जुनी संस्था, व्यवसायांना सचोटीची श्रेणी देणारी. २०१० साली लॉस एंजेलिसमधल्या काही व्यावसायिकांनी परीक्षा घ्यायची म्हणून चक्क 'हमास' या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेच्या नावाने नोंदणी केली, ४२५ डॉलर भरले, आणि त्या नावाला 'ए उणे' श्रेणी मिळाली. एका मोठ्या वाहिनीने हे सगळ्या देशाला दाखवलं. त्या भागातली शाखा पुढे २०१३ मध्ये मूळ संस्थेने काढून टाकली. पैसे कुणाकडून येतात आणि मान कुणाला जातो, या दोन गोष्टी एकाच टेबलावर आल्या की असंच होतं, मग गाव तालुक्याचं असो की लॉस एंजेलिस.

म्हणून मतदानही नको. मतदानात ज्याचे सोयरे जास्त तो निवडून येतो. शिवाय पेठेत उधारी चालते. ज्याच्या वहीत अर्धं गाव आहे, त्याच्या विरोधात हात वर कोण करणार?

मी हे दुरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका पुरस्काराच्या निवड समितीत होते. गावाचं आणि दुकानाचं नाव सांगणार नाही. अर्ज मागवले होते. एका कापड दुकानाचा अर्ज इतका नेटका होता, परवाने, करभरणा, फोटो, सगळं जिथल्या तिथे, की आम्ही तासाभरात निवड करून चहा घेतला. सोहळा झाला, फेटे बांधले. दोन महिन्यांनी त्याच दुकानात काउंटरवर उभी राहणारी एक मुलगी आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात आली. तक्रार द्यायला नव्हती आली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या शेठना सचोटीचा मान दिलात. आम्हाला दिवाळीपासून पगार नाही, आणि दिवसभर बसायचं नाही." पायाच्या घोट्याशी चपलेचा पट्टा रुतून वळ उठला होता, तो तिने मला दाखवला. आम्ही त्या दुकानात एकदा जरी पाय ठेवला असता, तर आत एकही स्टूल नाही हे दिसलं असतं.

तेव्हापासून मी दुकानात शिरले की आधी स्टूल शोधते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. केरळमध्ये कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी कामावर बसता यावं म्हणून लढा दिला, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला दुकानांच्या कायद्यात तो हक्क घालावा लागला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. आपल्या पेठेत ज्याने कुणी न सांगता काउंटरमागे दोन स्टुलं ठेवलीत, त्याचं नाव वहीत लिहून घ्या.

मग मिठाईवाल्याकडे जा. अर्धा किलो पेढे मागा आणि बघा, खोका काट्यावर ठेवल्यावर आकडा शून्यावर आणतो का. खोका शंभर ग्रॅमचा असला आणि पेढा सहाशे रुपये किलो, तर साठ रुपये पुठ्ठ्याचे जातात. दिवाळीत असे किती खोके जातात याचा हिशेब तुम्हीच करा. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खायची ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ती पाटी आहे का, आणि असली तर कालचीच तर नाही ना, ते पाहा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी वजनमाप खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. ते देव्हाऱ्याच्या फोटोमागे आहे की गिऱ्हाइकासमोर, यावरूनही माणूस कळतो.

तुमच्या भागात खरी कसोटी कृषी सेवा केंद्रांची आहे असं मला वाटतं, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळायला हवी. हंगामात माल कमी आला की शेतकऱ्याला सांगतात, युरिया पाहिजे तर ही दुसऱ्या खताची किंवा औषधाची बाटलीही घ्यावी लागेल. हे लिंकिंग बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पेरणीच्या दिवसांत शेतकरी भांडत बसत नाही. अनेकदा दुकानदारही वरून दाबला गेलेला असतो, कंपनीच त्याच्या गळ्यात ती बाटली मारते. अशा वेळी जो स्वतः ती बाटली अंगावर घेतो, पण शेतकऱ्याला फक्त युरिया देतो आणि त्याचं पक्कं बिल देतो, तो माणूस तुमच्या तालुक्यात कुठेतरी असणार. त्याला शोधायला पाच गावच्या शेतकऱ्यांना विचारा. दुकानात विचारून कळणार नाही.

विचारायचं कुणाला, हे सगळ्यात महत्त्वाचं. व्यापाऱ्याविषयी व्यापाऱ्याला विचारलं तर तो धंद्याचं बोलेल. तुम्ही हमालांना विचारा. माथाडी आणि हमालांसाठी आपल्या राज्यात १९६९ सालापासून कायदा आहे, आणि आजही गोणी पाठीवर घेणाऱ्याला कुठल्या गाळ्यात हमाली वेळेवर मिळते आणि कुठे "उद्या ये" ऐकावं लागतं, ते तोंडपाठ असतं. कुठल्या गोदामात रात्री काय मिसळतात हेही त्यांनाच ठाऊक असतं. पापड-कुरडया पुरवणाऱ्या बचत गटाच्या बायकांना विचारा, पैसे किती दिवसांनी मिळाले. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत असं २००६ चा कायदा सांगतो, पण बचत गटाची बाई कायदा दाखवत नाही, ती फक्त पुढच्या खेपेला माल कमी आणते. आणि ज्या गिऱ्हाइकाचं दुकानदाराशी एकदा तरी भांडण झालंय, असं एक गिऱ्हाईक शोधा. चूक कुणाच्याही हातून होते. ती झाल्यावर दुकानदाराने माल बदलून दिला की पावती नाही म्हणून हाकलून लावलं, हे तोच सांगू शकेल.

हे सगळं विचारायला तुम्ही एकट्याने जाऊ नका आणि संघाच्या पदाधिकाऱ्यांनाही पाठवू नका. पाच जणांची समिती करा: एक निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका, एक हमाल, एक बचत गटातली बाई, एक शेतकरी, आणि ग्राहक चळवळीतलं कुणीतरी. आपल्याकडे या चळवळीची मुळं खोल आहेत. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली, मुंबई ग्राहक पंचायत त्याच्या पुढच्याच वर्षीची. तुमच्या जिल्ह्यात कुणी ना कुणी जुना कार्यकर्ता सापडेल. पाचांपैकी कुणाचंही पेठेत दुकान नको, दुकानदाराशी सोयरीक नको, आणि अंगावर उधारी असली तर त्याने ती आधी सांगावी. संघाने फक्त निकाल जाहीर करायचा.

तुमचे सभासद कुरकुरतील की बाहेरच्यांनी आम्हाला का तपासावं. त्यांना सांगा, व्यापाऱ्यांनी स्वतःहून असं केल्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. १९६६ साली मुंबईत जे. आर. डी. टाटा, रामकृष्ण बजाज अशा उद्योगपतींनी एकत्र येऊन आज कौन्सिल फॉर फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस म्हणून ओळखली जाणारी संस्था काढली. आपल्या धंद्याला आपणच नीतीचं बंधन घालून घ्यावं, ही त्यामागची भूमिका. १९८८ पासून ती संस्था जमनालाल बजाज यांच्या नावाने सचोटीच्या व्यवहारासाठी पुरस्कार देते. गांधीजी ज्यांना आपला पाचवा मुलगा मानायचे ते जमनालालजी वर्ध्याचे व्यापारीच होते.

आता तुमची भीती, उद्या तो भेसळीत सापडला तर. यावर दोन गोष्टी करा. मानपत्रात "सचोटीचे मूर्तिमंत प्रतीक" वगैरे लिहू नका. काय पाहिलं तेवढंच लिहा: 'गेल्या हंगामात एकाही शेतकऱ्याला युरियासोबत दुसरं काही घ्यायला लावलं नाही', 'कामावरच्या चारही मुलींना दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार दिला'. असं लिहिलेलं उद्या खोटं ठरत नाही, आणि वाचणाऱ्या बाकीच्या दुकानदारांना आपणही हे करू शकतो असं वाटतं. दुसरं, पुरस्कार देण्याच्या आधीच ठरावात लिहून ठेवा की एका वर्षाच्या आत गंभीर दोष सिद्ध झाला तर पुरस्कार मागे घेतला जाईल आणि ते तितक्याच जाहीरपणे सांगितलं जाईल. नाव ठरल्यावर ही अट घालायला गेलात तर ती त्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखी होईल. आणखी एक सांगते, समितीला यंदा कुणी पसंत पडला नाही तर पुरस्कार देऊ नका. पन्नासावं वर्ष तसंही साजरं होईल.

काकांकडे कसं जायचं? सभेच्या आधी जा, एकटे जा, आणि दुकानात जाऊ नका, घरी जा. सभेत हा विषय निघाला आणि तुम्ही चार माणसांत नाही म्हणालात, तर त्यांना ते जन्मभर लागेल. घुमवून फिरवूनही बोलू नका. ज्यांनी आयुष्यभर गिऱ्हाईक ओळखलं त्यांना तुमचं घुमवणं पहिल्या वाक्यात कळेल. मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं, "काका, तुम्ही नसता तर माझं दुकान उभं राहिलं नसतं, हे मी कधी विसरणार नाही. म्हणूनच तुमच्याकडे आधी आलो. खर्च तुम्ही करताय, म्हणून यंदा तुमचं नाव यादीत नको. उद्या कुणी म्हणायला नको की काकांनी मान विकत घेतला. तुमच्याबद्दल तसं कुणी बोललेलं मला सहन होणार नाही." मग थांबा आणि त्यांना बोलू द्या. कदाचित रागावतील, कदाचित चहाही विचारणार नाहीत. पण तुम्ही लिहिलंय की चार जण बोलतात आणि काका गप्प राहतात. मला त्या गप्पपणात हावच असेल असं वाटत नाही. या वयात स्वतःहून "नको" म्हणायलाही कुणीतरी वाट करून द्यावी लागते.

खर्चाचं असं करा. काकांचे पैसे सुवर्णमहोत्सवाच्या जेवणाला लागू द्या, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार माना, हार घाला, मनापासून घाला. पुरस्काराचा खर्च मात्र वेगळा काढा. सभासदांकडून शंभर-शंभर रुपये घेतले तरी एक शाल, एक नारळ आणि चांगल्या अक्षरात लिहिलेलं मानपत्र होतं. यापेक्षा जास्त काही लागत नाही. पाच फुटी सन्मानचिन्हं दुकानात धूळ खातात.

राहिल्या तुमच्या मावशी. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण त्यांचं नाव तुमच्या मनात का आलं असेल याचा मला थोडा अंदाज आहे. आमच्याकडे एका गिरणीवाल्या बाई होत्या. उपासाची भाजणी घेऊन कुणी गेलं की त्या आधी मूठभर स्वतःचे साबुदाणे-वरई जात्यात घालून गव्हाचं राहिलेलं पीठ काढून टाकायच्या, मग आपला डबा ओतायच्या. ती मूठ त्यांच्या घरातली. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत आणि बोलूनही दाखवलं नाही. तुमच्या मावशीही असंच काहीतरी करत असतील. पुरस्कार सभासदांपुरता ठेवू नका; गावातल्या कुठल्याही धंद्याला खुला करा, मग तो गाळ्यातला असो, हातगाडीवरचा की गिरणीचा. पण मावशींनाही समितीच्याच हातून जाऊ द्या. तुमच्या मनात आहेत म्हणून त्यांना दिलात, तर काकांना द्या म्हणणाऱ्या चौघांत आणि तुमच्यात फरक उरणार नाही. आणि नाव जाहीर करण्याआधी ज्याला मिळणार आहे त्याला विचारा. बऱ्याच जणांना स्टेजवर यायचा संकोच वाटतो. तसं असेल तर पाच जण दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, काट्याशेजारी शाल द्या.

तारीख २४ डिसेंबर धरा. राष्ट्रीय ग्राहक दिन आहे, आणि तेवढ्यात दोन फेऱ्या होतात. पहिली फेरी वसुबारसेच्या आदल्या दोन दिवसांत, संध्याकाळी सात ते नऊ, जेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि खोक्याचा धडा करायला कुणाला वेळ नसतो. दुसरी नोव्हेंबर सरता सरता, गर्दी ओसरल्यावर, हमालांकडे आणि काउंटरवरच्या मुलींकडे, दिवाळीचे पैसे मिळाले का ते विचारायला. समितीतल्या हमालदादांना त्या दिवसाची मजुरी संघाने द्यावी, ते सभेच्या ठरावातच घाला.

तुमची ताई